चांदीचं पाणी

पुणे, ९ डिसेंबर १९९७

प्रिय सायली,

सप्रेम जयभीम. तुमच्या गावाहून कडूमावशी आली होती. तिच्याकडून कळलं, की महिन्यापासून तुमचा गोबरगॅस बंद आहे, तू सातव्या महिन्यात चुलीपुढं फुंकणी घेऊन बसतेस आणि सगळे म्हणतात, "शेनात लई पानी घालती ही." सासूबाईंचा तरी काय दोष? त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा काय ऐट होती माझी! खांद्यावर पाच लिटरचा कॅन. सासूबाई म्हणाल्या, शेणाचा वास ओट्यापर्यंत येतो. मी म्हणालो, एवढंच ना? प्रयोगशाळेत मीच केलेलं चांदीचं पाणी होतं ते. त्यातले चांदीचे कण साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत इतके बारीक. अख्खा कॅन गोबरगॅसच्या टाकीत ओतला. रंभाजीमामा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होते, सूनबाईचा भाऊ डॉक्टर होणार, पण पुस्तकातला. आधी वास गेला, मग गॅसही गेला.

अगं, त्या कणांनी जंतू मरतात हाच तर माझ्या प्रबंधाचा विषय! दोन वर्षं काचेच्या बशीत तेच मारतोय. आणि शेणाचा गॅस करणारेही जंतूच, हे या गाढवाच्या डोक्यात आलं नाही. विरजणात विष मी कालवलं आणि दही लागलं नाही म्हणून बोलणी तू खाल्लीस.

मावशी गेल्यावर आईला आलेलं तुझं पत्र काढून वाचलं, त्यात कॅनचा उल्लेखही नाही. फक्त खाली एक ओळ, "गॅसचं दादाला सांगू नका, मनाला लावून घेईल." म्हणजे तुला सगळं कळलं होतं. तुझ्या सासरी माझी मान खाली जाऊ नये म्हणून गप्प बसलीस. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. पण खरी लाज पुढंच आहे. ती ओळ वाचून मला आधी हायसं वाटलं, आणि आठ दिवस मीही गप्पच बसलो.

रविवारी येतोय. जुना शेणकाला मी उपसतो. घोडेगावच्या मित्राच्या चालू टाकीतला काला टेम्पोनं आणून घालू, म्हणजे गॅस हळूहळू धरेल.

पाकीट आणलं होतं, पण ते परत ठेवलं. उघडी पोस्टकार्डंच टाकतोय, एकात मावलं नाही म्हणून दोन, आणि तीही रंभाजीमामांच्या नावावर. तुमचा पोस्टमन कार्ड पारावर मोठ्यानं वाचूनच हातात देतो, ठाऊक आहे मला. वाचू दे. सासूबाईंना नीट ऐकू गेलं नाही, तर पुन्हा एकदा वाचायला सांग.

तुझाच, खाली मान घालून येणारा,
महेंद्रदादा