पंखा वारा देते का घेते

टेकाडटोला, ता. कुरखेडा
दि. १४ डिसेंबर २००४

चि. सौ. रंजीता,

तुला आणि प्रफुलरावांना भरभरून आशीर्वाद. छोट्या आचलचा माझ्या नावानं एक पापा घे. इकडे सगळं छान आहे. धान खळ्यावर आलं. अंगणवाडीतली माझी पोरं खिचडी खाल्ली की तणशीच्या ढिगावर लोळतात.

टेकडीवरचा पंखा रद्द झाला, हे आरमोरीपर्यंत पोचलंच असेल. कंपनीनं वारा मोजायला रोवलेला उंच खांब तू दिवाळीत पाहिलास. तू गेल्यावर ग्रामसभा झाली, तिला तू हवी होतीस! वीज करणारा मोठा पंखा बसणार म्हटल्यावर अर्धं गाव म्हणालं, घरातल्यासारखाच पंखा, त्याच्या वाऱ्यानं उभं धान लोळेल. उरलेले म्हणाले, तो वारा खाऊन वीज करतो, मग खळ्यावर धान उडवायला वारा राहील का? पंखा कुणालाच नको होता, तरी भांडण जुंपलं आपसातच.

पोचूबुवा ओरडले, "अगा, पंखा वारा देते का घेते, ते पयले ठरवा!"

"देते!"

"घेते!"

मग मीच उठले. "देवो का घेवो, आमाले न इचारता आमच्या टेकडीवर काऊन?"

टाळ्या पडल्या. खांबाची राखण करणारे देवाजी मागे उभे होते, तेही टाळ्या वाजवत होते. कंपनीच्या साहेबानं वळून पाहिलं तसे हात खिशात घातले.

हे देवाजी कुरखेड्याचे. तिकडे तलावात जाळं टाकत. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. जेवायला आपल्याकडे असत, हे तुला लिहायचं राहिलं. तसं लिहिण्यासारखं काही नव्हतंही.

तर परवा साहेब खळ्यावर येऊन म्हणाला, "तुमच्या गावात पुरेसा वाराच नाही. आम्ही खांब काढून नेतो."

आपण जिंकलो ना? पण गाव भडकलं!

"वारा नाई? साहेब, तोंड सांभाळून बोला," पोचूबुवा म्हणाले. "आमचे बापजादे का तोंडानं फुकून धान उडवत होते?" त्यांनी सूप उचललं, आणि नेमकी तेव्हाच अशी झुळूक आली की सगळा कोंडा साहेबाच्या डोक्यावर. साहेब शिंकतोय, गाव हसतंय. ज्यांनी विरोधाच्या अर्जावर अंगठे दिले तेच म्हणू लागले, अजून एकदा मोजा, आमच्या वाऱ्याचं नाव खराब करू नका!

खांब गाडीत चढला. देवाजी चढले नाहीत.

"मी इथीच राह्यतो, साहेब."

"इथं काय आहे?"

"तलाव आहे. मासोळ्या आहेत."

"मासोळी का गोकुळा? साफ सांग ना बावा!" पोचूबुवांचा आवाज तुला माहीतच आहे. अख्खं खळं माझ्याकडे बघून हसलं. मी पाठ फिरवून धान उडवू लागले, ते नेमकं वाऱ्याच्या उलट. सगळा कोंडा माझ्याच अंगावर.

संध्याकाळी त्यांनी अंगणात उभं राहून सरळ लग्नाचंच विचारलं, "पाट लावाचा का?"

मी म्हटलं, "माह्या पोरीले इचारतो."

"ते नाई म्हणाली तं?"

"तं तुमी कुरखेड्याची गाडी पकडा."

ते म्हणाले, "मंग चिठ्ठी बरी लिहा, बाई."

म्हणून एवढं पत्र पंख्यातच गेलं बघ. मूळ गोष्टीला हात लावायची लाज वाटत होती.

रंजी, तुझे बाबा गेले, त्यांच्या जागी मी कुणाला बसवत नाही. पण समोर कुणी जेवायला असलं की माझ्याही पोटात दोन घास जास्त जातात. पोरांना गाणी शिकवताना मध्येच हसू येतं आणि पोरं विचारतात, बाई काऊन हासली? या वयात हे कुणाला सांगावं? तुझ्या सासरी काय म्हणतील, ही भीती आहेच. तुझ्या होकाराशिवाय मी पाऊल टाकणार नाही. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही, फक्त ते तू स्वतः येऊन सांग. प्रफुलरावांना तूच समजाव, मला जमायचं नाही.

आजवर प्रत्येक पत्राखाली तुझ्या बाबांचं नाव लावून सही केली. आज पेन तिथंच थांबलं आहे. पुढं काय लिहायचं ते तू सांग.

तोवर नुसतीच,
तुझी आई
गोकुळा