भाच्याच्या तीन मागण्या

४ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या लढ्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि आमच्या रस्त्यावर लिहायची सवय फक्त मला. पंपाआधी तीन वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे.
कंपनीने चौफुलीवर नवा पंप उघडला. कॉफीचं मशीन. संडास स्वच्छ आहे म्हणतात. मी गेलो नाही. जाणार नाही. डेपोही कंपनीचाच. आम्हाला घाऊक ज्या भावाने पेट्रोल देतात, त्याच भावाने चौफुलीवर किरकोळ विकतात. म्हणजे आम्ही पाच पंपवाल्यांनी हिवाळ्यापर्यंत गाशा गुंडाळायचा.
नाही गुंडाळणार. उद्या सगळ्यांना घरी बोलावतो.

५ सप्टेंबर
चौघेही आले. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. सेयीलखानआबा वयाने सगळ्यांत मोठे, पण त्यांना डुलकी लागली होती. मायराताई म्हणाली, होऊ दे यालाच अध्यक्ष, चहा याच्याच घरचा आहे. नवरा गेल्यापासून ती एकटी पंप चालवते. जीभ तिखट झाली आहे. मी मनावर घेत नाही.
ठराव: १ ऑक्टोबरपासून डेपोतून एक थेंब घ्यायचा नाही. शिमकेंत शहरातल्या खासगी साठेवाल्याकडून टँकर आणायचा. तो अर्धा टँकर पाठवत नाही. पाच जणांत वाटून घेतला तरच परवडतो. म्हणून एकानेही फुटायचं नाही. हे वाक्य मी उभा राहून दोनदा म्हणालो.

१२ सप्टेंबर
कंपनीने माणूस पाठवला. मेइरमान, विभागीय मॅनेजर. तिशीचा. सूट. म्हणणं असं: आमचा बोर्ड लावा, आमचंच पेट्रोल आमच्या भावाने विका, पंप तुमच्याच नावावर राहील.
मी त्याला जेवायला थांबवून घेतलं. डाव होता. जेवताना सहज विचारलं, तुझे सात पूर्वज सांग पाहू. आमच्यात प्रत्येकाला ते पाठ हवेत, पण शहरातली पोरं आजोबांच्या पुढे अडखळतात. तो सातही धडाधड बोलला. मग आईकडचे विचारले. आई आमच्या कुळातली निघाली!
म्हणजे तू आमचा भाचा, मी म्हणालो. तो उठला, माझा हात दोन्ही हातांत धरला, मामा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. माझेही, पण चूल जवळ होती.
कंपनी घरातच आली. भाचा मामाच्या पोटावर पाय देणार नाही. लढाई न लढता जिंकल्यात जमा.
बायकोने, कुल्याशने, भांडी उचलता उचलता विचारलं, भाच्याने तीन गोष्टी मागायच्या आणि मामाने नाही म्हणायचं नाही, हे विसरलात का? मी म्हणालो, अगं, तो कॉम्प्युटरवाला. असलं काही मानत नसतो.

१३ सप्टेंबर
मायराताईला बातमी सांगितली. म्हणाली, अरे ओराल्बाय, लांडगा दारात आला आणि तू त्याचं कूळ विचारत बसलास? बरं झालं बाई, मी दुसऱ्या कुळातली.
मत्सर.

२० सप्टेंबर
मेइरमान आला. कुल्याशसाठी मिठाईचा डबा. अंगणात तांबडं शिंगरू पाहिलं आणि म्हणाला, मामा, पहिली मागणी. बिचारा लाजत होता. लगेच दिलं. तो नवव्या मजल्यावर राहतो, म्हणून शिंगरू आपल्याच तबेल्यात राहील.
कुल्याश म्हणाली, म्हणजे शिंगरू त्याचं आणि गवत आपलं.
तिला राजकारण कळत नाही.

२९ सप्टेंबर
परवा बहिष्कार. मेइरमान पुन्हा आला. चेहरा उतरलेला. मामा, फक्त ऑक्टोबर महिना डेपोतूनच घ्या, वरचे साहेब मानगुटीवर बसलेत, नोकरी जाईल माझी. ही दुसरी.
विचार केला. अध्यक्षाने शत्रूशी संपर्क ठेवायलाच हवा. डेपोत आपला कान राहील. निर्णय: महिनाभर पेट्रोल घ्यायचं, पण गुप्तपणे.

१ ऑक्टोबर
बहिष्कार सुरू. डेपोचा टँकर भर दुपारी माझ्या पंपावर आला. बाजूला कंपनीचं नाव, घोड्याएवढ्या अक्षरांत. मायराताईचा पंप समोरच. ती दारात चहा पीत उभी होती. मला पाहून कप जरा उंच धरला.

२ ऑक्टोबर
मीटिंग. आज आबा जागे होते. विचारलं, पाचवा हिस्सा कोण उचलणार? मी गुप्तहेरगिरीची कल्पना समजावली. मायराताई म्हणाली, गुप्तहेर भर दुपारी टँकर रिकामा करून घेत नसतो रे.
शिमकेंतवाल्याला नकार कळवावा लागला. चौघे तोंड पाडून डेपोत गेले. मी अध्यक्ष आहेच. अध्यक्षाला काढायचं कसं, हे आम्ही ठरवलेलंच नाही.

१७ ऑक्टोबर
एक मागणी उरली. मुलगा चांगल्या घरातला आहे, जास्त काय मागणार? खोगीर मागेल. वडिलांचं चांदीच्या कामाचं खोगीर घासूनपुसून बाहेरच्या खोलीत ठेवलं, आल्याबरोबर दिसेल असं.
संकल्प: पंपाबद्दल काही मागितलं तर ठाम नकार. आरशासमोर नाही म्हणायचा सराव केला. छान भारदस्त जमला. कुल्याशने आतून विचारलं, काय नाही?

२४ ऑक्टोबर
मेइरमानने खोगीर पाहिलं, तारीफ केली. मी म्हणालो, घे. तो म्हणाला, नको मामा, वस्तूंचा मोह नाही मला. मग मान खाली घालून करार पुढे सरकवला. बोर्ड लावू द्या, ही शेवटची.
भाच्याचा शब्द मोडला तर मामाचा हात कायमचा थरथरतो, असं आमच्यात मानतात. मी मानत नाही. माझा नकार तयार होता. पण तोंडातून बाहेर येताना त्याचं झालं, नाही कसं म्हणू?
सही केली. हात तरीही थरथरला. खोलीत गारवा होता.

२ नोव्हेंबर
माझा बोर्ड उतरवला. मी स्वतः रंगवलेला होता. नवा बोर्ड लावणाऱ्यांनी विचारलं, काका, जुना कुठे टाकू? टाकू म्हणाला. तबेल्यात ठेवला.
निळी टोपी मिळाली. डोक्याला बसते. आता मी कंपनीच्या आत आहे. आतून लढणं जास्त अवघड, म्हणून ते माझ्याकडे आलं.

९ नोव्हेंबर
भाव सकाळी फोनवर कळवतात. मी काही सांगायच्या आत फोन ठेवतात.
मेइरमानला बढती, राजधानीत, अस्तानाला बदली. कुळाचा मान वाढला. शिंगरू चांगलं खातं.

११ नोव्हेंबर
नवा मॅनेजर. त्याला सात पूर्वज विचारले. म्हणाला, काका, घाईत आहे.

१८ नोव्हेंबर
आज बाजारात कळलं. जाण्यापूर्वी मेइरमान आबांकडेही गेला होता. आबा आमच्याच कुळातले. मामा म्हणत पाया पडायला वाकला. आबांनी चहा पाजला आणि म्हणाले, बाळा, हक्क कुळावर असतो, घरोघर नसतो. तुझ्या तिन्ही मागण्या ओराल्बायकडे संपल्या. गरम आहे तोवर पी आणि नीघ.
म्हणजे आबांचा पंप मी वाचवला! स्वतःचा देऊन. आधी ठरवून नाही, हे खरं, पण त्याग तो त्यागच. बाजारात दोघातिघांना सांगितलं. त्यांना बहुधा घाई होती.
चौघांनी गुरांच्या बाजाराजवळचा एक पंपवाला पाचवा म्हणून घेतला. शिमकेंतचा टँकर आला. त्यांचा भाव माझ्यापेक्षा कमी. मायराताईच्या दारात ट्रकांची रांग. माझ्याकडे दिवसभरात दोन गिऱ्हाइकं. एकाने संडास कुठे आहे विचारलं.

३० नोव्हेंबर
मॅनेजरचा फोन. विक्री नाही, म्हणून जानेवारीपासून पंप बंद. कंपनीला चौफुलीवरचा पुरेसा आहे. बोर्ड तसाच राहील, कारण करार दहा वर्षांचा. मी विचारलं, आणि पंप? तो म्हणाला, तुमच्याच नावावर.
कुल्याशला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ पाहतो आहे.

६ डिसेंबर
मायराताईने हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापला. जेवणाचं आमंत्रण! मला माहीतच होतं. अध्यक्षाशिवाय किती दिवस चालणार? करार कसा मोडायचा, ते पाच डोकी मिळून बघू. दाढी केली. टोपी घरी ठेवली.
मला दारापासून सगळ्यांत लांब, पाहुण्याच्या वरच्या जागी बसवलं. आबांच्याही वर. मांसाचा उत्तम तुकडा माझ्यापुढे. बाकीचे खाली, खांद्याला खांदा लावून. इतका मान मला त्या घरात कधी मिळाला नव्हता.
मायराताईने एक टोमणा मारला नाही. घ्या ना, म्हणाली, तुम्ही काहीच घेतलं नाही. आबांनी विचारलं, कंपनीचं कसं काय? ठीक, मी म्हणालो. मग बर्फाबद्दल बोलणं झालं. मग रस्त्याबद्दल. मग पुन्हा बर्फाबद्दल.
मी पंपाचं काढणार, तेवढ्यात आबांनी तळवे उघडून जेवण संपल्याची दुआ म्हटली. सगळे उठले. सगळेच मला दारापर्यंत पोचवायला आले.
बूट मी एकट्यानेच घातले. दार लागलं. मी अंगण ओलांडायच्या आधीच आत सगळे एकदम बोलायला लागले. मायराताई म्हणाली, अरे गधड्यांनो, एकेक जण बोला. कुणीतरी मोठ्याने हसलं.
मीटिंग सुरू झाली असावी.