घाटात रेल्वे आली तेव्हा

३ मे, कायझर्सलाउटर्न, जर्मनी
बाबा येऊन आठवडा झाला. शुक्रवारी इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्येकाने आपल्याकडच्या सुरुवातीच्या रेल्वेने व्यापार कसा बदलला ते सांगायचंय. मी बोरघाट घेतलाय. स्लाइड्स करत होते, बाबा मागे येऊन उभे. बोगदे, मालगाडी, बंदरात कापसाच्या गासड्या.
"आपले बैल कुठायत?"
घाटातून मीठ-धान्य आम्हा बंजाऱ्यांचे बैल न्यायचे. बाबांचे पणजोबा त्यातले शेवटचे. रेल्वे आली, धंदा बसला.
म्हटलं, वेळ कमी आहे. खोटं. आमचं आडनाव राठोड; इथल्या मराठी मंडळींना राठोड म्हणजे राजस्थानकडचे राजपूत वाटतात. मी वाटू दिलंय.

६ मे
झालं भाषण. निघताना बाबा आपल्या बंजाऱ्यांचा लाल फेटा बांधत होते. "थंडी आहे, टोपी घाला," म्हटलं. त्यांनी घातली.
मी इंग्रजीत बोलले. पुण्याचा मंदार, माझ्याच ग्रुपमधला, बाबांशेजारी बसून त्यांना मराठीत सांगत होता. आमच्या प्रोफेसरबाईंनी विचारलं, रेल्वेआधी माल कोण न्यायचं? म्हटलं, काही भटके लोक होते. मग त्यांचं काय झालं?
"फारशी माहिती नाही."
मंदारने तेही नीट सांगितलं. बाबांनी मान डोलावली. त्याला म्हणाले, "खरंय. कुठे गेले, कोण जाणे."
टाळ्या. मला मंचावरून खाली उतरवेना.

७ मे
सकाळी चहा बाबांनीच केला. रागावले असते तर बरं...
घरात आम्ही आपल्या बोलीत बोलतो. आज माझ्याशी मराठीत बोलले, पाहुण्यांशी बोलावं तसं.

१० मे
मंदारला सगळं सांगायचं ठरवून मेन्झात, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये गेले. ताट घेऊन समोर बसला. "काका फार गोड आहेत गं. काय करायचे?" शिक्षक होते म्हटलं. खरं आहे. पुढचं राहिलं. डाळीचं सूप गार झालं.

१३ मे
तेच भाषण आता कोलोन शहरात करायचंय, जरा मोठं. प्रोफेसरबाई म्हणाल्या, त्या भटक्यांबद्दल आणखी काही मिळालं तर घाल.
संध्याकाळी बाबा भाजी निवडत होते. मी बोलीत म्हटलं, तुम्हीच चला, तुम्ही सांगा, मी भाषांतर करते.
मराठीतच म्हणाले, "मी 'आम्ही' म्हणेन. तू काय म्हणशील?"
"आम्ही," म्हटलं. पण लगेच नाही आलं तोंडातून. त्यांना ते कळलं.
भाजी निवडत राहिले. मीही समोर बसून निवडू लागले.