या रविवारी उत्तर नाही

रवि. १२ एप्रिल, अमरावती
आमच्या रविवारच्या पानावर 'वरून ओळखा' हे कोडं छापून आलं. आमचा फोटोग्राफर दीपक, त्याच्या ड्रोनचा फोटो: अकोल्याकडचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. नेहमीप्रमाणे ओळखू येईल ते सगळं कापलं. देऊळ, तलाव, एसटीचा थांबा. उरली घरं, गच्च्या, एक निंबाचं झाड. या वेळचं अवघड आहे. मजा येईल. बरोबर उत्तर आणि विजेत्यांची नावं पुढच्या रविवारी, रिवाजाप्रमाणे.

सोम. १३
पहिला फोन दारोकर सरांचा, अकोल्याहून. रिटायर्ड हेडमास्तर. विजेत्यांत त्यांचं नाव नाही असा रविवार आठवत नाही. "ताई, देऊळ कापसान, पण गल्लीचं वळण कसं लपवसान?" बरोबर ओळखलं. बाकीच्यांचे अंदाज धारणी, चिखलदरा... एकाने स्वतःचंच गाव कळवलं. तेही चुकलं.

बुध. १५
दुपारी एका बाईंचा फोन, दर्यापूर तालुक्यातून. आवाज दाबलेला. "तुमच्या फोटोत मधल्या गच्चीवर गोधडी वाळू घातली हाये. ते मी शिवेल हाये." मधोमध जांभळा तुकडा, त्यांच्या लग्नातल्या शालूचा. चारी कोपऱ्यांना पिवळं. मुलगी स्वाती. गेल्या वर्षी जातीबाहेर लग्न करून गेली, जाताना घरातली ती गोधडी तेवढी नेली. तेव्हापासून पत्ता नाही.

वाटलं, आता गाव विचारतील.

"सांगू नोका. मले माहीत झालं तं माया तोंडावर दिसन. पोट्टी जित्ती हाये, गोधडी धुते, बस झालं. पण गणेशनं बी पाह्यलं. तिचा भाऊ. मोबाइलवर मोठं करू करू पाह्यलं. तो सोडनार नाही तिले. उत्तर छापू नोका, ताई."

मूळ फोटो पुन्हा काढून पाहिला. त्यात गोधडी एका कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशी. गाव लपवायला मी कडा कापल्या आणि तिला मधोमध आणून ठेवलं.

गुरु. १६
गणेश ऑफिसात. पंचविशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट. बस म्हटलं तर बसला नाही. "फक्त गावाचं नाव सांगा ना ताई. बहीण हाये माही. भेटाले जातो." म्हटलं, रविवारच्या आधी कुणालाच सांगत नाही. "ठीक हाये. रविवारी छापसानच ना? तुमचं कधी चुकत नाही." हसला. मग बाहेरच्या बाकावर आमचे जुने रविवारचे अंक चाळत बराच वेळ बसून होता. कशाला, कळलं नाही.

शुक्र. १७
संपादकांना सगळं सांगितलं. "उत्तर आजवर चुकवलं नाही आपण. लोक फाडून खातील." खाऊ द्या, म्हटलं. मग म्हणाले, "दुसऱ्याच गावाचं नाव टाकलं तर?" नको म्हटलं. तो तिथेही जाईल. तिथेही कुणाची तरी मुलगी असेल. शेवटी चौकट: 'या रविवारी उत्तर नाही. कारण सांगता येत नाही.' पान छपाईला गेलं.

दीपकला फोटोतल्या त्या गावी पाठवलं होतं. घर सापडलं. स्वातीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "आईनं ओळखली?" मग गच्चीवर जाऊन गोधडी काढून आणली. नवरा बाहेरगावी कामावर, रविवारी संध्याकाळी येतो. तो आला की निघतो म्हणाली. दीपक: "आत्ताच निघ म्हटलं, तं म्हणे एकटी कुठं जाऊ, भाऊ?"

रवि. १९
सकाळपासून फोन. दोन शिव्यांचे. मग दारोकर सर, खुशीत. "ताई, तुमी नाही छापलं, पण मी एकाची सोय करून देल्ली. दर्यापूरकडचा पोरगा काल घरी आला होता, अंकात माहं नाव वाचून. लय आदबीचा. पाया पडला. सांगून टाकलं त्याले."

पान अडवलं. सरांनाही उत्तर माहीत आहे, हे विसरले.

ठाण्यात कळवलं. गाडी पाठवतो म्हणाले. दीपक अकोल्याहून तिच्या गावाकडे निघालाय. स्वातीने दीपकला दिलेला नंबर लागत नाही. पुन्हा लावला. नाही.

तेवढ्यात स्वातीच्या आईंचा फोन. "गणेश पहाटेच गाडी घेऊन गेला. कुठं, ते नाही बोलला. ताई, कोनतं गाव हाये?"

"तुम्हीच म्हणाला होता, सांगू नका."

"आता माहं तोंड पाहाले घरात कोनी नाही."

नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. पलीकडून कडी, मग कुलूप लावल्याचा आवाज.

"अकोल्याची बस हाये आता. पुढं जीप भेटन?"

भेटेल, म्हटलं.