खदानीला उतार केला, अक्का

प्रिय अक्का,

काल शिवेवरच्या खदानीवर गावाचा कार्यक्रम झाला. माझ्या गळ्यात हार घातला. घरी आलो, वाढलेलं ताट बाजूला सारलं. तुला सांगितल्याशिवाय सुटका नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आठवतं, सुरुंग उडाला की आपल्या फळीवरची भांडी खाली यायची? मग दगड संपला, ठेकेदार मशिनी घेऊन गेला. मागं राहिला तो दोन पुरुष खोल खड्डा, सरळ कडा आणि हिरवं पाणी. चाकूरकडच्या उन्हाळ्यात तेवढंच पाणी! बाया धुणं घेऊन तिथं जायला लागल्या.

बोलत राहिलीस तू एकटीच. "बसू, तू पंचायतीचा मेंबर हायस. कुंपण घाल, न्हाई तर कडा तरी उतरत्या कर. लई खोल हाय ते. कुनाचा तरी जीव जाईल."

"बघू अक्का," मी म्हणायचो. किती वेळा म्हणालो असेन गं?

तुझाच जीव जायचा होता का? म्हशीची वगार पाण्यात घसरली आणि तू तिच्या मागं उतरलीस. कडेचा मुरूम सुटला. हाक तरी मारायचीस! शेजारच्या रानात माणसं होती. पण दाजी गेल्यावर माहेरी आलीस, तेव्हापासून कधी कुणाला हाक मारलीस तू?

मी अहमदपूरला लग्नात होतो. पोचलो तेव्हा तुला काठावर निजवलं होतं. पदर कमरेला घट्ट बांधलेला. ती गाठ मला सुटेना.

मळ्यात, आपल्या अप्पांच्या समाधीशेजारी तुला माती दिली. मग मी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. मशीन आलं, कडा तिरप्या कापल्या, टाकाऊ दगड तळाशी ढकलला, वर तळ्यातला गाळ पसरला. पहिली रोपं जळून गेली. तुझी मैत्रीण शांताबाई म्हणाली, "अक्का असती तर रडत बसली नसती." पुन्हा लावली. करंज, सीताफळ, बांबू. आता जनावरं उतारानं पाण्याला जातात आणि आपली आपण वर येतात. एवढंच तर मागत होतीस!

पण एक गोष्ट गावाला ठाऊक नाही. तू ग्रामसभेला लेखी अर्ज दिला होतास. तो विषयांच्या यादीतून मीच काढला. कडा उतरत्या करायचा खर्च ठेकेदारावर आला असता; तो ओळखीचा, वाईटपणा नको वाटला. तुला सांगितलं, "वरून नामंजूर झाला." तू विश्वास ठेवलास. का ठेवलास, अक्का?

आज सकाळी शांताबाईला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि उठून गेली.

माफी मागत नाही, तोंड नाही मला. तुझा अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. येत्या ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचीन आणि कुणी दाबला तेही सांगीन. शांताबाईसारखे सगळेच उठून जातील. जाऊ देत. सभा रिकामी झाली तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन.

तुझा धाकटा भाऊ,
बसू