कावळ्यानं सही केलेला राजीनामा

प्रिय आक्का,

तुला जाऊन आठवडा झाला. इतक्यात तुला त्रास देणार नव्हते. पण उद्या सकाळी तुझी दीपा बेळगावला जाऊन राजीनामा देणार आहे, आणि मला फार भीती वाटतेय. हे बोलायला तुझ्याशिवाय कोण आहे मला?

झालं ते असं. रक्षाविसर्जनाला तुझ्यासाठी घास ठेवला. तुला काय आवडायचं हे घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून दाजींच्या आवडीचं ठेवलं. पुरणपोळी, कांदाभजी, बिनसाखरेचा चहा. कावळा शिवेना यात नवल काय?

मग सगळे हात जोडून तुला शब्द द्यायला लागले. दाजींची गोळी चुकू देणार न्हाय. कावळा नाही. म्हस इकणार न्हाय. कावळा नाही. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली. तेव्हा दाजींचे थोरले भाऊ आबा पुढं होऊन म्हणाले, "काळजी करू नगंस, दीपा नोकरी सोडून घर बघंल."

आणि आला की मेला कावळा!

आक्का, तो पलीकडच्या लोकांच्या घासावर जेवत होता. तिथलं संपलं तसा इकडं आला. मी डोळ्यांनी बघितलं, तिथंच सांगितलंही. आबा म्हणाले, "सुमन, तुझी जीभ मसणात तरी आवर."

जिवंतपणी तुला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आता मात्र तुझा शब्द म्हणजे कायदा. तुझा लेक विजू दिवसभर घरात मोबाईल बघत पडलेला असतो. त्याचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. कावळ्यापुढं तो पर्याय ठेवलाच नाही गं कुणी.

मला आबांची भीती नाही. मला दीपाची वाटते. उद्यमबागेतल्या कारखान्यात जिच्या तपासणीशिवाय एक सुटा भाग पुढं जात नाही, ती पोरगी काल चुलीपुढं बसून म्हणाली, "मावशी, आईनंच बोलवलं असंल तर त्याला?"

खरं सांगू? मलाही तीच भीती आहे.

मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्यास, त्यातून पोरीचा डिप्लोमा केलास. स्वयंपाक, धुणं, म्हस, आणि राहिलेल्या वेळात विड्या. "बोटं माझी काळी झाली, तिची नकोत," असं तूच म्हणायचीस. पण दवाखान्यात, नाकाला नळी असताना, मला जवळ बोलावून शेवटचं काय विचारलंस? "त्यांनी जेवलं काय गं?"

यातली कुठली आक्का खरी? मी तुझी बहीण, मला कळेना, तर त्या पोरीला काय कळणार? तू एकदा तरी तिच्यासमोर, "तुझा बा आपलं ताट वाढून घेईल," एवढं म्हणायला नको होतंस का? आज माझ्या हातात काहीतरी असतं.

आत्ता ती माजघरात मोठी पिशवी काढतेय. रिकामीच नेतेय, खोलीवरचं सामान परत आणायला. बाहेर विजू ओरडतोय, "दीपे, च्या ठेव की." आणि आक्का, ती उठली. हातातलं टाकून उठली. अगदी तुझ्यासारखी उठली.

तर ऐक. उद्याच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी बसणार आहे. कंपनीच्या फाटकापर्यंत जाईन. तिनं कागद काढला तर हात धरीन. ती रडेल, मला नावं ठेवील, आबा मला या घराची पायरी बंद करतील. करू देत. संध्याकाळी इथं भात कोण टाकतंय ते दाजी आणि विजू बघून घेतील, नाहीतर उपाशी झोपतील.

तुझी इच्छा खरंच तीच असली, तर मी ती मोडणार आहे, आक्का. तुझं आजवर सगळं ऐकलं. हे नाही ऐकणार.

तुझी घाबरलेली,
सुमी