थव्यातला हात

२ नोव्हेंबर
आलो एकदाचे! मी, ठकी आणि दोन बॅगा. खोली काचकामाच्या कारखान्याच्या अगदी वरच आहे, जिना उतरला की कामावर. सहा वर्षांच्या लेकीला दिवसभर कुठे ठेवायचं हा घोर मिटला. मालकीणबाई म्हणाल्या, खुशाल आण तिला खाली, फक्त काचांना हात लावू देऊ नकोस. कामही झकास मिळालंय. एका हॉटेलच्या भिंतीसाठी काचेचा पाखरांचा थवा, माझ्याएवढा उंच. मी जाम खूश आहे.

५ नोव्हेंबर
टेबलावर चित्राचा कागद, त्यावर साधी काच आणि तिच्यावर रंगीत तुकड्यांची जुळणी. काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढायची, पकडीने अलगद दाबून तुकडा मोडायचा. घाई केली की तुकडा वाया. पंख निळे, पोटं दुधी. शेवटी सगळं भट्टीत तापवून एकजीव करायचं. प्रत्येक तुकडा स्पिरिटने पुसूनच लावायचा, नाहीतर बोटाचा तेलकट डाग भट्टीत कायमचा बसतो. हे सगळीकडेच सांगतात. पण मालकीणबाई हातमोज्यांवरून नुसतं डोकं खातात. पाच मिनिटं काढले तरी ओरडतात. म्हातारपणचे नखरे, दुसरं काय!

१० नोव्हेंबर
भट्टीचं झाकण आज उघडलं. रंग असे एकजीव झालेत की बघत राहावं. आणि मधल्या पाखराच्या पोटात पाच बोटांचा धुरकट ठसा, इवलासा. ठकीला विचारलं तर म्हणाली, तू पाणी प्यायला गेलीस ना, तेव्हा मी त्याला नुसतं गोंजारलं. मला हसूच फुटलं. मालकीणबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या आणि तडक निघून गेल्या. हॉटेलवाल्यांना कडा खरखरीत वाटल्या, म्हणून थवा परत एकदा भट्टीत घालायचं ठरलं.

११ नोव्हेंबर
ठकीचे हात धुताना पाहिलं. उजव्या तळहातावर एकही रेघ नाही. बोटांची टोकंसुद्धा गुळगुळीत. डॉक्टरांनी मलम दिलं. मलम!

दुपारी थवा पुसताना त्या ठशावरून ओलं फडकं फिरवलं. वरून ठकी ओरडली, आई, माझ्या हाताला गार लागतंय.

मी फडकं टाकून दिलं. पुन्हा फिरवून बघायचा धीर झाला नाही.

१२ नोव्हेंबर
मालकीणबाईंना खडसावलं, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. या भट्टीत ज्याचा ठसा जातो तो त्या काचेशी बांधला जातो म्हणे. त्यांच्या नवऱ्याचा गेला होता. ती काच भिंतीवर चढवताना फुटली. पुढचं विचारायची गरजच उरली नाही. आधी का नाही बोललात म्हटलं, तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर कामाला कोण राहिलं असतं?

गळाच धरावासा वाटला. उद्या थवा गादीत गुंडाळायचा आणि निघायचं. हॉटेल गेलं खड्ड्यात.

१३ नोव्हेंबर
सकाळी ठकी तापाने फणफणलेली. खाली धावले. भट्टी चालू! भट्टीवाल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याने ठरल्याप्रमाणे थवा आत ठेवून दिला.

बंद केली. पण झाकण उघडायची सोय नाही. तापल्या काचेला वारा लागला की ती तडकते. आतल्या आतच निवायला हवी, सावकाश. मालकीणबाई भट्टीपाशी राखणीला बसल्यात. जीव गेला तरी उठणार नाही म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर
अंगाला हात लावला तर चटका बसतो. ठकी एकच घोकतेय, आई, झाकण उघड ना. आई, उघड ना गं.

नाही उघडू शकत, बाळा. कसं सांगू हिला—

दुपारी
ताप जरा उतरलाय. थोडाच. देवा, असाच सावकाश—

खाली हॉटेलची माणसं. आजच न्यायचंय म्हणतायत. मालकीणबाई ओरडतायत. खुर्ची पडली— उठायला गेले तर ठकीने मनगट धरलंय, सुटत नाही, बोटं दगडासारखी—

आवाज थांबले.

ठकीने डोळे उघडले. हसली. म्हणते, आई, किती छान गार वारा आला.

खिडक्या बंद आहेत. तिच्या हातावर बारीक तडा, कोपराकडे सरकतोय, आता खांद्या—